दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव

बोईसरला स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर मी बावीस वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. खाली गिरणी सुरू झाली की वर आठही कॉम्प्युटर थरथरायचे. महिन्यातून एकदा कीबोर्ड उपडे करून झटकले की मूठभर पीठ निघायचं, आणि त्यातलं तांदळाचं कुठलं, नाचणीचं कुठलं हे मला नुसतं बघून कळायला लागलं होतं. एवढं ज्ञान मला कॉम्प्युटरबद्दल झालं असतं तर मी कुठल्या कुठे गेले असते, असं आमचे हे म्हणायचे.

या वर्षी गुढीपाडव्यानंतर मी क्लास बंद केला. मुलं आता फोनवर व्हिडिओ बघून शिकतात आणि ज्यांना शिकायचं नसतं त्यांना तयार साच्यात मजकूर ओतून अर्ध्या तासात वेबसाइट मिळते. तक्रार नाही. टायपिंग क्लासवाल्यांचं पोट मी असंच मारलं होतं.

दिवाळी अंकासाठी लिहा, तुमच्या यशस्वी विद्यार्थ्यांबद्दल लिहा, असा निरोप आला. यशस्वी विद्यार्थी पुष्कळ आहेत. पण खरं सांगायचं तर ते कुठेही शिकले असते. मला लिहायचंय ते एका फोटोबद्दल. इथल्या किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या एका मुलीनं काढलेला तिच्या वडिलांचा फोटो. तो आता कुठेच नाही आणि त्यात माझा हात आहे. इतकी वर्षं ही गोष्ट मी घरीसुद्धा बोलले नव्हते.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी टायपिंग शिकवते. वेबसाइटचा जो भाग माणसाला डोळ्यांनी दिसतो, तो बनवायला मी शिकवायचे. मथळा कुठे, फोटो कुठे, अक्षर केवढं, बटण दाबलं की काय व्हायचं. याला फ्रंट-एंड म्हणतात. हे सगळं साध्या नोटपॅडमध्ये खुणा घालून लिहावं लागतं. ही खूण म्हणजे मथळा, ही म्हणजे परिच्छेद, ही म्हणजे इथे फोटो. बहुतेक खुणा उघडल्या की बंद कराव्या लागतात. एखादी बंद करायची राहिली की तिच्याखालचं सगळं पान वेडंवाकडं होतं आणि मुलं माझ्याकडे असं बघतात जसं काही ते मीच केलंय.

खूण बंद करायला कधीच न विसरलेला माझा एकच विद्यार्थी म्हणजे रामअवतार. कारखान्यात फिटर होता. रात्रपाळी संपवून सरळ क्लासला यायचा, बोटं इतकी जाड की एक अक्षर दाबताना दोन दाबली जायची. तो म्हणायचा, "मैडम, एक बोल्ट ढीला रह जाए तो पूरी लाइन काँपती है. ये भी वैसा ही है." त्यानं त्याच्या खोलीतल्या अकरा जणांचं पान बनवलं होतं. प्रत्येकाचं नाव, गाव, आणि कोण कुठली भाजी चांगली करतो. पुढे त्याचा कारखाना बंद पडला आणि तो गावी निघून गेला. सर्टिफिकेट न्यायला आला नाही. ते परवा कपाट आवरताना सापडलं. कुठे पाठवायचं ते माहीत नसल्यानं परत कपाटातच ठेवलंय.

आणि एक जगूभाऊ. केळव्याला माझ्या माहेरच्या वाडीला लागून त्यांची वाडी. माड-पोफळीत चार खोल्या बांधून त्यांनी मुंबईच्या पाहुण्यांसाठी राहायची सोय केली होती, आणि वेबसाइट माझ्याकडून हवी होती. माहेरचा माणूस, नाही कसं म्हणणार? त्यांची एकच अट. "ताई, समुद्र हलला पाहिजे." मी हलता समुद्र केला. मग म्हणाले, "माड पन हलू दे जरा." मग फोन नंबर लाल रंगात उघडझाप करायला हवा होता. तीनशे फोटो दिले, सगळे माडांचे. पान तयार झाल्यावर केळव्याला त्यांच्या ओटीवर बसून आम्ही ते उघडलं. तेव्हा तिथे इंटरनेटचा जीव केवढा! फोटो वरून खाली सावकाश उतरत यायचा. माडाचे शेंडे आले, झावळ्या आल्या, आणि बुंध्यापर्यंत पोचायच्या आत वीज गेली. जगूभाऊ म्हणाले, "ताई, याच्यापेक्षा बाहेर येऊन बघितलं तर लवकर दिसतंय."

हसले मी तेव्हा, पण त्या दिवसापासून माझा एक नियम झाला. फोटोच्या खुणेत आणखी एक जागा असते. फोटो काही कारणानं दिसला नाही तर त्याच्या ठिकाणी कोणते शब्द दिसावेत, ते तिथे लिहून ठेवायचं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना कॉम्प्युटर हेच शब्द वाचून दाखवतो. बहुतेक जण ती जागा रिकामी ठेवतात, नाहीतर 'फोटो' एवढंच लिहून मोकळे होतात. माझ्या क्लासमध्ये ते चालत नव्हतं. मी सांगायचे, फोनवर पलीकडे आपलं माणूस आहे, त्याला फोटो दिसत नाहीये, त्याला सांगतो तसं लिहा. या नियमावरून मुलं माझी नक्कल करायची, ते मला माहीत होतं.

आता हर्षला. दांडीची मुलगी, बारावी झालेली. वडील बोटीवर तांडेल, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. आई बोईसरच्या बाजारात मासे घेऊन बसायची. पहिल्या दिवशी हर्षला दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला विंग्रजी जास्त येत नाय. चालंल का?" मी म्हटलं, कॉम्प्युटरलाही येत नाही, त्याला आपण सांगू तेवढंच कळतं. ती चार नंबरच्या कॉम्प्युटरवर बसली आणि कोर्स संपेपर्यंत तिथून हलली नाही. चार नंबर खिडकीजवळ होता. तिथे पीठ कमी यायचं.

हुशार होती म्हणण्यापेक्षा चिवट होती. एखादी चौकट जागेवर बसेना की जेवायला उठायची नाही. जाळं शिवतात तसं एकेक घर तपासत जायची. हे मी उगाच म्हणत नाही. तिनं स्वतःच एकदा सांगितलं होतं, "बाबा म्हनतात, फाटलंय ते एका जागी दिसतं, पन सुटलेलं असतं दोन हात अलीकडं." चूक शोधायची याहून चांगली रीत मी कुठल्याही जाड पुस्तकात वाचलेली नाही. पुढे मी ती सगळ्या बॅचना शिकवली.

शेवटचं काम म्हणून प्रत्येकानं आपल्या घरच्या एका माणसाचं पान बनवायचं असे. हर्षलानं वडिलांचं घेतलं. क्लासचा एक छोटा कॅमेरा होता, तो आळीपाळीनं मुलांना घरी न्यायला मिळायचा. आता फोटो काढला की चहा गार व्हायच्या आत सगळ्या नातेवाइकांना पोचतो. तसले फोन तेव्हा दांडीत कुणाच्या हातात नव्हते. तिचे वडील फोटोला उभेच राहायचे नाहीत. लग्नातल्या फोटोतसुद्धा कुणाच्या तरी पाठीमागे. मग हिनं ते ओट्यावर जाळं शिवत असताना, त्यांच्या नकळत काढला. सोमवारी आणून चार नंबरच्या डेस्कटॉपवर उतरवला. कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करून पुढच्या मुलाला कॅमेरा द्यायचा, हाही माझाच नियम.

फोटो मी पाहिला होता. चांगला होता, फार चांगला होता. दुपारचं ऊन कौलांवरून ओघळून त्यांच्या पाठीवर आलं होतं. आता एवढंच आठवतं. चेहरा आठवायला गेले की मला तो प्रत्यक्षात भेटलेला चेहरा आठवतो, फोटोतला नाही.

बॅच संपली की रविवारी घरच्या माणसांना बोलवायचं, पांढरी चादर ताणून त्यावर सगळ्यांची पानं मोठी करून दाखवायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. त्या रविवारी हर्षलाचे वडील आले. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती, म्हणून बोट किनाऱ्याला होती. धुतलेला पांढरा शर्ट, केस तेल लावून चप्प बसवलेले. पहिल्या रांगेत खुर्चीच्या अगदी टोकावर बसले, खुर्चीवर विश्वास नसल्यासारखे. आई आली नव्हती. रविवार म्हणजे धंद्याचा दिवस, ती बाजारात टोपली घेऊन बसली होती, क्लासपासून हाकेच्या अंतरावर.

प्रोजेक्टरची वायर एकेका कॉम्प्युटरला लावत आम्ही पुढे गेलो. चार नंबरला लावली आणि चादरीवर ते स्वतःच उमटले, दरवाजाएवढे. ते उठून उभेच राहिले. मागून कुणीतरी हसलं. ते चादरीजवळ गेले, बारकाईनं बघितलं आणि म्हणाले, "जाळं चांगलं आलंय."

घरच्या माणसांना जरा गंमत वाटावी म्हणून मी प्रत्येकाला पानामागचं लिखाणही उघडून दाखवायला सांगायचे. हर्षलानं उघडलं. मी तिच्या मागे उभी होते, आणि फोटोच्या ओळीवर माझी नजर गेली.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. वेबसाइटच्या पानात फोटो नसतो. पानात फक्त फोटोचा पत्ता असतो. अमुक ठिकाणी जा, तिथला फोटो घे आणि इथे दाखव. म्हणून फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा आणि पत्ता तिथला द्यायचा. मग फोल्डर कुठेही नेलं तरी फोटो बरोबर जातो. हर्षलानं पत्ता दिला होता तो चार नंबरच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपचा, सुरुवातीच्या सी ड्राइव्हपासून पूर्ण. म्हणजे ते पान त्या एका कॉम्प्युटरवरच खरं होतं. तिथे ते कायम बरोबर दिसणार, आणि बाकी जगात कुठेही फोटो दिसणार नाही. शिकणाऱ्या दहापैकी आठ जण ही चूक करतात. ती सुधारायला एक मिनिट पुरतं.

तिच्या वडिलांनी विचारलं, "हे सगळं हिनं लिवलं?"

"सगळं तिनंच लिहिलंय."

"चूक नाय ना कुठं?"

"एकही नाही," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःकडे उभा राहून बघत होता. ते हर्षलाला म्हणाले, "आयला दाखवाया पायजे हे." मी म्हटलं, कधीही घेऊन या त्यांना, फोटो काही कुठे जात नाही. आणि सर्टिफिकेटवर सगळ्यात वरची श्रेणी लिहिली. ती चूक नंतर सांगू असं मनाशी ठरवलं होतं. ते राहून गेलं.

मे महिन्यात क्लासच्या कॉम्प्युटरना व्हायरस लागला. सगळे पुसून नव्यानं भरण्याशिवाय इलाज नव्हता. मी दारावर कागद चिकटवला की आपापलं काम पेन ड्राइव्हवर घेऊन जा. हर्षला आली, तिनं तिचं फोल्डर घेतलं. शहाणी मुलगी, घेतल्यावर लगेच पेन ड्राइव्हवरचं पान उघडूनही बघितलं. चार नंबरवरच बघितलं. फोटो अर्थातच दिसला, कारण तो अजून डेस्कटॉपवर होता. ती निश्चिंत होऊन गेली. पुढच्या आठवड्यात मी आठही कॉम्प्युटर पुसले. मी स्वतः, एकेक करून, चहा पीत.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला हर्षलाच्या वडिलांची बोट परत आली, ते आले नाहीत. जाळं ओढताना पहाटे पाण्यात पडले असं बरोबरचे लोक म्हणाले. गावातल्या सगळ्या बोटी चार दिवस शोधत होत्या. काही हाती लागलं नाही.

दहाव्याच्या आधी हर्षला आणि तिची आई क्लासवर आल्या. आईला मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर ती माझ्यासाठी बाजारातली एक टोपली होती, तिच्याकडून मी कोलंबीही घेतली असेल. घरात मांडायला फोटो नव्हता. ओळखपत्रावरचा होता, त्यात ते चोरासारखे बावरलेले दिसत होते. "तो नको," आई म्हणाली, "त्यात ते आमचे वाटत नाय."

हर्षलानं पेन ड्राइव्ह लावला. मला तेव्हाच कळलं. पान उघडायच्या आधी, तिनं माऊसला हात लावला तेव्हाच.

पान उघडलं. वर नाव, खाली गावाची माहिती, बोटीचा रंग, सगळं जागच्या जागी. मध्ये फोटोच्या ठिकाणी फाटलेल्या चित्राची ती बोटभर खूण, आणि तिच्या शेजारी हर्षलानं त्या जागेत लिहिलेले शब्द. ती एकटक बघत राहिली. मग तिनं मागचं लिखाण उघडलं, ती ओळ वाचली, आणि हळूच म्हणाली, "मॅडम, पत्ता. पत्ता डेस्कटॉपचाच राहिला. माजीच चूक हाय."

आणि मी काय म्हणाले? मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे गं. सगळ्यांचं होतं असं."

मी तिला माफ केलं! त्या दिवशी त्या खोलीत ज्याला माफी हवी होती ते माणूस मी होते, आणि मी ती वाटत होते.

आई पडद्याकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "हितं काय लिवलंय?"

हर्षलानं वाचून दाखवलं. ते शब्द मला पाठ आहेत. "माझे बाबा. ओट्यावर बसून फाटलेलं जाळं शिवतायत. डोकं खाली आहे. सुई दातांत धरली आहे म्हणून ओठ मिटलेले. डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवलंय. हाक मारली तर वर बघतील."

गिरणी चालू होती, सगळं थरथरत होतं. मग आई म्हणाली, "अंगठ्याचं बरोबर लिवलंस. तसंच धरायचे." आणि थोड्या वेळानं, "परत वाच."

तिनं परत वाचलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं जिन्यात जाऊन उभी राहिले.

पुसलेल्या कॉम्प्युटरमधून हरवलेलं काढून देणारा एक माणूस पालघरला होता. चार नंबरची हार्ड डिस्क काढून मी त्याच्याकडे नेली. पंधरा दिवसांनी त्यानं जे काही सापडलं ते दिलं. जगूभाऊंचे माड सापडले, तीनशेच्या तीनशे. हलता समुद्र सापडला. रामअवतारचं अकरा जणांचं पानही सापडलं. तो फोटो सापडला नाही. ज्या जागेवर तो होता, त्या जागेवर नवं काहीतरी लिहिलं गेलंय, असं तो म्हणाला. मी त्याला तीनतीनदा विचारलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, एवढं महत्त्वाचं होतं तर आधी बघायचं ना." डिस्क पिशवीत टाकून मी घरी आले.

त्यानंतर क्लासमध्ये आणखी एक नियम आला. कुणी पान पूर्ण केलं की मी म्हणायचे, "दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव." फोल्डर उचलायचं, भलत्याच कॉम्प्युटरवर न्यायचं, तिथे सगळं दिसलं तरच काम झालं. माझ्या मुलांना कामावर ठेवणारे लोक कौतुक करायचे, तुमची मुलं काम अगदी चोख देतात म्हणून. कौतुक झालं की मी विषय बदलायचे.

हर्षला या कामात टिकली. आधी पालघरला एका छोट्या ऑफिसात, मग मुंबईकडे, आणि आता दांडीला घरी बसूनच परदेशातल्या लोकांची कामं करते. मी शिकवलं त्याच्या कितीतरी पुढे गेलीय, तिचं बोलणं मला अर्धं कळत नाही. दर दिवाळीला फोन करते. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगून टाकावं. मग ती विचारायची, "मॅडम, तब्येत कशी हाय?" आणि मी तब्येतीचं सांगत बसायचे.

पाडव्यानंतर क्लास बंद करताना जुन्या मुलांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला. पंचवीस-तीस जण आले, मासवणहून एक जण बायकोमुलांना घेऊन आला. हर्षला बोलायला उभी राहिली. सगळ्यांना वाटलं गमतीचं काहीतरी सांगेल. तिनं फोटोची गोष्ट सांगितली, सगळ्यांसमोर, अगदी शांतपणे. म्हणाली, "मॅडमनी पत्ता कसा द्यायचा ते बरोबर शिकवलेलं. मीच हलगर्जीपणा केला. माज्या एका ओळीनं आमच्या आयला तो फोटो कधी बघायला मिळाला नाय. म्हणून मॅडम सांगायच्या ना, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव, ते कधी सोडू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या रांगेत, खुर्चीच्या टोकावर बसले होते.

सगळे गेल्यावर ती खुर्च्या लावायला थांबली. मी म्हटलं, "हर्षला, बस जरा." ती बसली नाही, खुर्ची धरून उभी राहिली. मी सांगितलं. त्या रविवारी तुझ्या मागे उभी असताना मी ती ओळ पाहिली होती. मला चूक दिसली होती. मी बोलले नाही.

खाली गिरणीवाल्यानं पट्टा उतरवला, आवाज थांबला.

"बाबा होते तेवा?" तिनं विचारलं.

"हो. त्यांनी विचारलं होतं, चूक नाही ना म्हणून."

"मग तेवा नाय बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "त्यांच्या समोर नको होतं. घरी जाताना टमटममध्ये सगळ्यांना सांगत होते, मॅडम म्हनल्या एक चूक नाय."

मला वाटलं, सुटले. खरंच, तेवढ्या क्षणात माझ्या मनात आलं की संपलं, सुटले.

तिनं खुर्ची दुमडून भिंतीला लावली. चपला घातल्या. दारातून वळून म्हणाली, "पन दुसऱ्या दिवशी मी इचारायला आलेली, मॅडम." आणि जिना उतरून गेली.

आली होती. वर मी लिहिलंय की ते राहून गेलं. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आलेय, आणि बहुधा त्यामुळेच ते लिहितानाही हातून तसंच उतरलं. तसं झालं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती आली होती. मी क्लासला कुलूप लावून घरी निघत होते. तिच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेले दोन सरंगे होते. वडिलांनी पाठवले होते, ओठातल्या ओठात हसत तिनं ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "बाबांनी इचारून यायला सांगितलंय. म्हनले, मॅडमनी काल माज्या समोर चूक सांगितली नसंल. काय सुटलं असंल तर आज इचारून ये, म्हनजे नीट करता येईल."

कुलपाची किल्ली माझ्या हातातच होती. एक मिनिटाचं काम होतं. पण सर्टिफिकेटवर सही झाली होती, बॅच संपली होती, ऊन चढत होतं आणि मासे घरी न्यायचे होते. मी म्हणाले, "काही सुटलं नाही गं. छान झालंय." आणि किल्ली पर्समध्ये टाकली.